नट आहेत, त्यांचा दिवस नाही

गोव्यात मालिका काढलेला किंवा काढू पाहणारा कोणीही भेटला, की चहा संपायच्या आत एक वाक्य ऐकू येते. "सगळे जमते हो, पण नट मिळत नाहीत." ऐकणारा मान डोलावतो आणि तोही दोन किस्से सांगतो. शेवटी दोघांचे एकमत होते की गोव्यात कलाकारांची वानवा आहे आणि चांगले काम करायचे तर मुंबईहून माणसे आणायला हवीत.

मी स्वतः तेरा भागांची एक मालिका तडीस नेली आहे. पात्रे नऊ आणि पैसा अगदी बेताचा. त्या अनुभवावरून सांगतो की हे वाक्य खोटे आहे. गोव्यात नट पुष्कळ आहेत. मिळत नाही तो त्यांचा दिवस.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. नटच नसतील तर उपाय एकच, बाहेरून आणा. नट असून त्यांचा दिवस मिळत नसेल, तर तो का मिळत नाही आणि कसा मिळवायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. ते कोणाला द्यायचे नसते, म्हणून आपण पहिले वाक्य म्हणत बसतो.

आधी नट आहेत हे पाहू. ज्या प्रदेशात देवळाचा उत्सव म्हटला की नाटक आलेच, तिथे नटांची वाण कशी असेल? पालखी देवळात परतते, जेवणे आटोपतात आणि रात्री कधीतरी पडदा वर जातो. समोर गावकरी, मागच्या बाजूला खाज्याची आणि चण्यांची दुकाने, आणि रंगमंचावर कोण? वीज खात्यातला लाइनमन, शाळेतला मास्तर, बँकेतला कारकून, कदंबच्या बसवरचा कंडक्टर. ही माणसे रात्री जेवून तालमीला बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर कामावर हजर होतात. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत यांच्यातलेच काहीजण असे काम करतात, की मुंबईहून आलेल्या परीक्षकाने वही खाली ठेवून बघावे. पात्रनिवडीसाठी आम्ही तालुक्यातालुक्यांत फिरलो, तेव्हा एकाही भूमिकेसाठी 'यातला कोणीच चालणार नाही' असे म्हणायची पाळी आली नाही.

पाळी आली ती तारखा मागताना.

मालिकेचे चित्रण दिवसा होते. सकाळी आठला दिवे लागतात, संध्याकाळी सहाला आवरते. आपला नट रात्रीचा. दिवसभर तो दुसऱ्याचा चाकर असतो. नाटकासाठी त्याला रजा लागत नाही, मालिकेसाठी लागते, आणि वर्षाच्या नैमित्तिक रजा त्याने चवथीसाठी, जत्रेसाठी आणि आईबापांच्या आजारपणासाठी राखून ठेवलेल्या असतात. त्यात त्याची काय चूक?

बरे, शनिवार-रविवार धरावेत तर गोव्याचे पंचांग समोर घेऊन बसावे लागते. आम्ही खरेच बसलो होतो. श्रावणात घरोघरी व्रते आणि देवळांत भजनी सप्ताह. भाद्रपदात चवथ, तेव्हा आठ-दहा दिवस कोणाचे नावच काढायचे नाही. मग नवरात्र, मखरोत्सव, दिवाळी. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात त्या शिगम्यापर्यंत थांबत नाहीत. आज शिरोड्याची, उद्या फातर्प्याची, परवा आणखी कुठली. ज्याच्या गावची जत्रा नाही त्याच्या सासुरवाडीची असते, आणि जिची नाही तिच्या माहेरची. शिगमा संपला की लग्ने, आणि वैशाखात शिरगावच्या लईराईचे व्रत धरणारे धोंड. सगळे मोकळे सापडतात ते आषाढात. तेव्हा पाऊस असा कोसळतो, की पत्र्यावरच्या आवाजात संवाद ध्वनिमुद्रित होत नाहीत. आमच्या ध्वनिमुद्रकाने एकदा कानावरचे हेडफोन काढून मला विचारले, "सर, हें पात्र कोण? सगळ्यांत चड हेंच उलयता."

तुम्ही हसाल, पण याचा परिणाम पडद्यावर दिसतो. गोव्याच्या स्थानिक मालिका नीट पाहा. आजोबा फार असतात. आजोबा, आजी आणि कॉलेजात जाणारी मुले. पंचवीस ते पंचावन्न वयाची माणसे कमीच. आपल्या लेखकांना म्हाताऱ्यांचे विशेष प्रेम आहे म्हणून हे घडत नाही. निवृत्त माणसाचा आणि विद्यार्थ्याचा दिवस मोकळा असतो, म्हणून घडते. मधली पिढी नोकरीवर गेलेली असते. आमच्या कथेत मुलीचा बाप हे मुख्य पात्र होते. त्या भूमिकेसाठी निवडलेला नट इतका चोख होता, की वाचनाच्या दिवशीच सगळे गप्प झाले. त्याला तीन दिवसांवर रजा मिळाली नाही. शेवटी कथेतल्या बापाला आखातात नोकरीला पाठवला आणि उरलेल्या भागांत तो फोनवरून बोलला. त्याचे सगळे फोन आम्ही एका रविवारी दुपारी त्याच्याच घरच्या माडीवर बसून उरकले. प्रेक्षकांना ते खरे वाटले, कारण गोव्यात असे बाप घरोघरी आहेत. पण त्या नटाचा चेहरा जे करू शकला असता, ते फोनला जमले नाही.

दुसऱ्या एका नटाचे वडील चित्रणाच्या मध्यावर वारले. क्रियाकर्म झाले, केस-मिशी उतरली. कोणत्या तोंडाने त्याला काही म्हणायचे? तीन भाग त्याच्या डोक्यावर कानटोपी आली. ऐन मार्चमध्ये.

स्त्रीभूमिकांची गोष्ट याहून कठीण. गावच्या नाटकात पूर्वी पुरुषच लुगडे नेसून उभे राहत. पुढे बाहेरच्या नट्या बोलावण्याची रीत पडली, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी तीच चालते. हंगामात या बायका रोज एका गावात उभ्या असतात. पाठांतर पक्के आणि कोणत्याही नायकासमोर न डगमगता उभे राहण्याची तयारी. गोव्याच्या मराठी रंगभूमीवर नेमाने मानधन घेऊन काम करणाऱ्या जर कोणी असतील तर या. आमच्याकडेही सर्वात वक्तशीर कोण होत्या? याच. रात्री पेडण्यात नाटक करून सकाळी आठला फोंड्यात रंगभूषेला बसलेली बाई मी पाहिली आहे. तिचा दिवस मिळतो, कारण तिच्या दिवसाला किंमत आहे आणि ती किंमत सांगायला ती लाजत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या मुलींचे मात्र अवघड होते. वाचनाला आलेल्या एका मुलीने मला थक्क केले. दोन दिवसांनी तिच्या घरी गेलो. वडील बोलायला सज्जन, त्यांनी चहा दिला, नाटकांची आठवण काढली, आणि म्हणाले, "काम करू दे हो, पण तिन्हीसांजेला घरी पाहिजे. आणि पुढच्या वर्षी तिचे लग्नाचे बघायचे आहे." मुलगी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. ज्या भूमीने मंगेशीचे दीनानाथ दिले, ज्योत्स्नाबाई भोळे दिल्या, तिचे आपण भाषणांतून गोडवे गातो. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई उभ्या राहिल्या, त्याला नव्वद वर्षे उलटून गेली. पण दीनानाथांना काय किंवा ज्योत्स्नाबाईंना काय, नाव आणि पोट दोन्हींसाठी गोव्याबाहेरच जावे लागले. आपण कलाकार जन्माला घालतो आणि बाहेर पाठवतो. जे जात नाहीत ते तिन्हीसांजेला घरी परततात.

भाषेची अडचणही नटाच्याच माथी मारली जाते. "इथल्या नटांचे मराठी नाटकी वाटते" असे वाहिनीवाले म्हणतात. वाटते हे खरे, पण का? आमच्या माणसाचे मराठी रंगमंचावरचे, भजनातले, वर्तमानपत्रातले. स्वयंपाकघरातले नव्हे. मी एका नटाला म्हटले, "आवाज खाली घे, घरी बोलतोस तसे बोल." तो प्रामाणिकपणे म्हणाला, "म्हणजे कोंकणींत म्हणूं?" त्याचे काही चुकले नाही. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर हळू बोलायला शिकवता येते, पण त्याला दिवस लागतात. आम्हाला वाचनाचे चार दिवस मिळाले, त्या चार दिवसांत जो फरक पडला तो मी पाहिला. म्हणजे हिंडून फिरून प्रश्न तिथेच येतो.

आता मूळ मुद्दा. दिवस मिळत नाही, कारण आपण तो विकत घेत नाही.

मालिकेच्या हिशेबाची वही उघडा. कॅमेऱ्याचे भाडे, दिव्यांचे भाडे, जनरेटर, डिझेल, गाडी, जेवण, संकलन. हे सगळे ठरलेले असते आणि चुकवता येत नाही. जनरेटरवाल्याला कोणी म्हणत नाही, "बाबा, कलेची सेवा समजून आण." भाडे दिले नाही तर कॅमेरा दुकानाबाहेर पडत नाही. नटाची ओळ वहीच्या तळाशी असते, आणि तिच्यासमोर आकडा नसतो. असते 'पेट्रोल', 'भत्ता' किंवा 'बघू'. मालिका संपल्यावर एक शाल, एक नारळ आणि पडद्यावर नाव. मग दुसऱ्या ठिकाणचा एक दिवसाचा रोज बुडवून हा माणूस तुमच्याकडे का यावा? आणि आला तर कोणत्या तोंडाने तुम्ही त्याला सांगणार की मिशी काढू नकोस, जत्रेला जाऊ नकोस, पुढच्या मंगळवारी यायलाच हवे? जो फुकट येतो तो उपकार करतो. उपकार करणाऱ्यावर वेळापत्रक लादता येत नाही.

ही रीत कुठून आली, तेही पाहायला हवे. आपले उत्सवी नाटक देवाच्या सेवेचे. तिथे पडदेवाला पैसे घेतो, दिवेवाला घेतो, रंगभूषाकार घेतो, ऑर्गन-तबल्याचे साथीदार घेतात, बाहेरून आलेली नटी घेते. गावचा नट घेत नाही. उलट पुष्कळ ठिकाणी तो वर्गणी काढून नाटक उभे करतो, म्हणजे काम करायचे पैसे स्वतःच भरतो! प्रेक्षकाला तिकीट नाही. देवासमोर हे शोभते. त्यात एक मोठेपण आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण दूरचित्रवाणी म्हणजे देवाचे प्रांगण नव्हे. तिथे जाहिरात लागते, वाहिनी पैसे घेते, प्रायोजकाचे नाव दर दहा मिनिटांनी येते. सेवेची रीत धंद्यात आणली, की सेवा करणारा एकटाच उरतो आणि बाकीचे धंदा करतात.

शेजारीच तियात्राकडे बघा. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला, तो लोकांनी तिकीट काढून पाहिला. तेव्हापासून तियात्र तिकिटावर चालला आहे. म्हणून तियात्रिस्ताला दर आहे, त्याच्या तारखेला किंमत आहे, आणि चांगल्या विनोदी नटाची तारीख मिळवायला निर्मात्याला आधी धावावे लागते. प्रेक्षक गोव्याचाच, पगारही गोव्याचेच. फरक एवढाच की तिथे कोणीतरी पैसे मोजतो. मराठी रंगभूमीवाल्यांनी तियात्राला नाके मुरडण्यात बरीच वर्षे घालवली. निदान हिशेबाची वही तरी त्यांच्याकडून घ्यावी.

"पण पैसे आणायचे कुठून?" हा प्रश्न येणार. मी उलट विचारतो, मुंबईच्या चेहऱ्यासाठी ते कुठून येतात? आमच्या प्रायोजकाला एक 'ओळखीचा चेहरा' हवा होता. मुंबईतल्या एका अभिनेत्याची चौकशी केली. त्याचे दोन दिवसांचे मानधन, विमान आणि हॉटेल मिळून जी रक्कम झाली, तिच्यात आमच्या नऊही नटांचे सगळे दिवस बसत होते. आम्ही तो चेहरा घेतला नाही. ती रक्कम नटांत वाटावी असे म्हटल्यावर मात्र प्रायोजकाचा हात आखडला. चेहऱ्यासाठी पैसा होता, माणसांसाठी नव्हता. शेवटी ड्रोन काढून टाकला, गाणे काढून टाकले, घरे चारांऐवजी दोन केली, आणि नटांना दिवसाचे ठरावीक मानधन दिले. थोडेच, पण आधी सांगून आणि त्याच संध्याकाळी हातात. त्यानंतर 'सर, आयज जमचें ना' असा फोन येणे जवळजवळ बंद झाले. ज्याला अडचण होती तो आठवडाभर आधी सांगू लागला. पैशाने माणसे बदलली असे मी म्हणत नाही. त्यांच्या दिवसाला कोणीतरी किंमत देते हे घरच्यांनाही दिसले, एवढेच. एकाची बायको त्याला सकाळी डबा देऊ लागली. तोवर ती त्याच्या या नादावर चिडून असे.

स्थानिक नटांवर मालिका उभी राहते का, ही शंका आता कोणी काढू नये. पत्रादेवीच्या पलीकडे, सावंतवाडीजवळच्या आकेरीत २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' चे चित्रण झाले. कोकणातल्या रंगभूमीवरची माणसे तिच्यात होती, मालवणी बोलत होती, आणि ती सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. तिच्यामागे मोठी वाहिनी होती, पैसा होता, हे मान्य. पण तो पैसा तिथल्या चेहऱ्यांवर आणि तिथल्या बोलीवर लावायला कोणीतरी तयार झाले, हेही खरे. उलट २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या कोविड निर्बंधांमुळे मुंबईच्या मराठी मालिका गोव्यात येऊन राहिल्या. मे महिन्यात परवानग्या रद्द होईपर्यंत इथे चित्रण चालले. त्यांनी आपले नट बरोबर आणले होते, ते साहजिकच. आपल्याकडून गेले बंगले, बागा आणि समुद्र. २००४ पासून दरवर्षी इफ्फी पणजीला भरतो आणि जगभरचे चित्रपट आपण रांगा लावून पाहतो. पण 'चित्रीकरणासाठी गोवा' या वाक्यातला गोवा हा अजून देखावाच आहे.

म्हणून मालिका काढू पाहणाऱ्यांना माझे चारच शब्द. नटाचे मानधन हिशेबाच्या पहिल्या ओळीत लिहा, आणि ते परवडत नसेल तर तेरा भागांचे आठ करा. आधी नट निवडा, त्यांचे पंचांग विचारा आणि मग कथा लिहा. शाळेच्या सुट्या आणि जोडून आलेल्या रजा धरून सलग चित्रण करा, मास्तर तेव्हाच मोकळा असतो. आणि चेहरे सुटे गोळा करण्यापेक्षा एखाद्या गावची नाटकमंडळीच घ्या. त्यांना एकमेकांची लय ठाऊक असते, एकाची गाडी सगळ्यांना आणते, आणि एक आला नाही तर उरलेले त्याला घरून उचलून आणतात!

अनुदान देणाऱ्यांनीही एक अट घालावी. रकमेचा ठरावीक हिस्सा इथल्या नटांच्या बँक खात्यात थेट जमा झाला पाहिजे, आणि त्याचा कागद दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळू नये. कॅमेरेवाल्याची पावती तुम्ही मागता. मग नटाची का नको?

हे झाले नाही तर काय होईल? काही विशेष नाही. जत्रेतली नाटके चालू राहतील, लाइनमन रात्री राजा होईल आणि सकाळी खांबावर चढेल. मालिकांत आजोबा वाढत जातील. आणि ज्या मुलीने वाचनाच्या दिवशी मला थक्क केले होते, तशा आणखी मुली येतील, एकदा वाचून दाखवतील आणि परत जातील. तिचे लग्न झाले. परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटली. कडेवर मूल होते. आपणहून थांबली आणि म्हणाली, "सर, परत काढणार तेव्हा सांगा. आता घरच्यांना विचारायचे ते मी विचारीन. पण मानधन काय ते आधी सांगा."

असे विचारणारी माणसे वाढली, तर गोव्यात नट मिळू लागतील.